नवा आवाज ऐकवत नाही, म्हणजे निष्ठा संपली का?

पत्र

स. न. वि. वि.

माझे वय ५४ आहे. चौदाव्या वर्षी एका पॉप गायिकेचे गाणे रेडिओवर ऐकले आणि तेव्हापासून आजतागायत मी तिची चाहती आहे. रेडिओवरून टेप केलेल्या कॅसेट, मग विकतच्या कॅसेट, सीडी आणि आता मोबाइल, अशी सगळी साधने बदलली, ती बदलली नाही. मधल्या काळातला तिचा एक अल्बम मला आवडला नव्हता, तो मी बाजूला ठेवून दिला. बाकी तिची बहुतेक गाणी मला तोंडपाठ आहेत. आता ती सत्तरीला टेकली आहे. बऱ्याच वर्षांनी तिचा नवा अल्बम आला आणि त्यासोबत तिने शेवटचा दौरा जाहीर केला. अल्बम मी दोनदा ऐकला. तिसऱ्यांदा लावण्याचे धाडस होत नाही. आवाज खाली उतरला आहे, जाड झाला आहे. तिने आपले एक जुने गाणे त्यात पुन्हा गायले आहे. त्याच्या धृपदाची शेवटची ओळ ती पूर्वी एका दमात नेत असे. आता मध्येच श्वास घेऊन तोडते आणि तिथे माझ्या पोटात तुटते. फक्त पियानोच्या साथीवर गायलेले एक गाणे तेवढे खटकले नाही. चाहत्यांच्या गटात सगळे हा तिचा सर्वोत्तम अल्बम असल्याचे म्हणतात. मीही तसेच लिहिले आणि तेव्हापासून तिला आणि स्वतःलाही फसवल्यासारखे वाटते आहे. मुलगी म्हणते, 'तिचा आवाज संपला, मान्य कर.' यजमान म्हणतात की या वयात हे वेड शोभत नाही. तिचा कार्यक्रम मी एकदाही प्रत्यक्ष पाहिलेला नाही. आता शेवटची संधी आहे, पण तो आवाज समोर ऐकला तर माझ्या मनातला जुना आवाज पुसला जाईल अशी भीती वाटते. मी जावे का?

— एक जुनी चाहती

उत्तर

नमस्कार.

तुम्ही विचारलेला प्रश्न कार्यक्रमाला जावे की जाऊ नये एवढाच आहे आणि त्याचे उत्तर मी देणार आहे. पण नवा अल्बम आवडला नाही ही तुमची खरी बोच आहे, आणि ती मनात तशीच ठेवून तुम्ही गेलात तर गाणी ऐकण्याऐवजी सगळा वेळ स्वतःची परीक्षा घेत बसाल. म्हणून आधी अल्बमविषयी लिहिते.

तुमच्या पत्रातले एक वाक्य तुम्ही ओघात लिहून गेला आहात, पण मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटले: मधल्या काळातला एक अल्बम तुम्हाला आवडला नव्हता आणि तो तुम्ही बाजूला ठेवून दिला. त्या वेळी तुम्हाला अपराधी वाटले नाही, कुणापाशी खोटी स्तुती करावी लागली नाही, तिच्यावरचे आपले प्रेम आटले की काय अशी शंकाही आली नाही. पुढचा अल्बम कधी येतो याची वाट तुम्ही पाहू लागलात. तेच आज का जमत नाही? माझ्या मते त्याचे कारण अल्बमसोबत आलेल्या घोषणेत आहे. शेवटचा दौरा हे शब्द मनात घेऊनच तुम्ही तो अल्बम लावलात आणि निरोपाचे भाषण ऐकावे तशी ती गाणी ऐकलीत. निरोप घेणाऱ्या माणसाच्या बोलण्यात उणे काढू नये, हा शिष्टाचार आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. त्यामुळे काही गाणी आवडली नाहीत, इतकी साधी गोष्ट तुम्हाला कृतघ्नपणा वाटू लागली.

वास्तविक दौरे थांबणे आणि गाणे थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देशोदेशी फिरून रात्रीमागून रात्र रंगमंचावर उभे राहणे शरीराला फार जड जाते, त्यामुळे ते आधी सुटते. ब्रिटिश गायक एल्टन जॉन यांचा निरोपाचा दौरा २०१८ साली सुरू झाला, महासाथीमुळे लांबला आणि ८ जुलै २०२३ रोजी स्टॉकहोममध्ये संपला. तरीही २०२५ साली त्यांनी ब्रँडी कार्लाइल या गायिकेसोबत नवा अल्बम काढलाच. अमेरिकन गायिका शेर यांनी २००२ ते २००५ या काळात निरोपाचा दौरा केला आणि २०१४ साली त्या पुन्हा दौऱ्यावर निघाल्या. ॲबा या स्वीडिश गटाचा १९८१ सालचा अल्बम शेवटचाच, असे जग धरून चालले होते; पुढचा आला तो ४० वर्षांनी, २०२१ साली. तुमच्या गायिकेच्या मनात असे काही आहे असे मी सुचवत नाही. तिने दौऱ्याला शेवटचा म्हटले आहे. अल्बमला शेवटचा तुम्ही ठरवले आहे. ते ओझे त्याच्यावरून उतरवा आणि इतर अल्बमसारखाच एक अल्बम म्हणून तो ऐका. तो आवडण्याची आणि न आवडण्याची, दोन्हीची तुम्हाला पूर्वीइतकीच मुभा आहे.

मत कायम करण्यापूर्वी मात्र एक हिशेब मांडून पाहा. जुनी गाणी तुमच्या कानांवरून इतक्या वेळा गेली आहेत की पहिला ठोका पडण्याआधीच पुढची ओळ तुमच्या मनात सुरू होते. नव्या गाण्यांना तुम्ही दोन खेपा दिल्या आहेत. एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर येत राहिली तरी तिच्याविषयी आवड वाढते, हे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली प्रयोगांनी दाखवले होते. त्याच्या जोडीला वय असते. साधारण दहाव्या वर्षापासून पंचविशी-तिशीपर्यंतच्या आठवणी माणसाला उतारवयात इतर कोणत्याही काळापेक्षा अधिक संख्येने आणि अधिक ठळकपणे आठवतात, हे स्मृतीवरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळले आहे, आणि त्या काळात ऐकलेल्या संगीतालाही ते लागू पडते. म्हणजे चौदाव्या वर्षी ऐकलेल्या गाण्याला तुमच्याकडून जे मिळाले, ते आज कोणत्याही नव्या गाण्याला मिळणे शक्य नाही. ते नवे गाणे तिने पंचविशीतल्या गळ्याने गायले असते तरी नाही. ही तुलना मुळात समान पातळीवरची नाही, हे ध्यानात ठेवूनच पुढचे ऐका.

अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत एका बैठकीत ऐकण्याचा नेम तूर्त सोडा. पियानोच्या साथीवरचे जे गाणे खटकले नाही, त्याच्यापासून सुरुवात करा आणि काही दिवस ते एकच ऐका, तेही दुसरे काम करता करता नव्हे. त्या गाण्यात तुम्हाला तिचा नवा आवाज का चालला, याचा विचार करा. माझा अंदाज असा आहे की ते गाणे तिने आजच्या गळ्याच्या बेताने बांधले आहे, त्यामुळे तिथे तुमचे मन जुन्या आवाजाशी ताडून पाहत बसले नाही. त्या आवाजाची ओळख झाली की मग इतर नवी गाणी एकेक करून घ्या. पुन्हा गायलेले जुने गाणे सगळ्यांत शेवटी ठेवा, कारण त्याच्याशी तुमचे भांडण सर्वांत मोठे आहे.

आता त्या आवाजाविषयी. वयानुसार स्वरयंत्रातल्या कूर्चा कडक होतात, स्वरतंतूंची लवचिकता कमी होते आणि दमसास पूर्वीसारखा राहत नाही. स्त्रियांच्या बाबतीत रजोनिवृत्तीनंतर संप्रेरकांच्या बदलामुळे स्वरतंतू काहीसे जाड होतात आणि आवाज खाली उतरतो. तुम्ही नेमके हेच दोन शब्द वापरले आहेत, खाली आणि जाड. गायक त्यावर उपाय करतात. पट्टी खाली आणतात, वरच्या टिपा साथीच्या गायकांकडे सोपवतात, स्वर लांबवण्याचे सोडून शब्द बोलण्याच्या जवळ नेतात. उरलेल्या गळ्यात गाणे नव्याने बसवण्याची ही कारागिरी आहे, आणि माझ्या मते पंचविशीत वरची टीप लावण्यापेक्षा ती अवघड आहे, कारण इथे काय सोडायचे ते रोज ठरवावे लागते.

धृपदाची ती तुटलेली ओळ या दृष्टीने पुन्हा ऐका. पूर्वी ती ओळ एका दमात जात असे, तेव्हा तिचा उत्तरार्ध आवाजाच्या शेपटासारखा मागून येत असणार, कारण लांबलेल्या श्वासाच्या अखेरीस जोर कमीच उरतो. आता ती मध्ये थांबते, म्हणजे थांब्यानंतरच्या शब्दाला ताजा श्वास मिळतो. तो शब्द कोणता आहे ते पाहा. जाणता गायक दम अपुरा पडला तरी वाटेल तिथे तोडत नाही. कोणत्या शब्दाआधी थांबले तर अर्थाला बळ येईल याचा विचार त्यामागे असतो. तुमच्या गायिकेने तसे केले असेल तर त्या शब्दावर तुम्हाला आजवर न जाणवलेले वजन ऐकू येईल. तसे नसेल, श्वास केवळ नाइलाजाने घेतलेला असेल, तर पुढचा शब्द घाईत आणि आखडलेला येईल, आणि इतकी वर्षे ते गाणे ऐकलेल्या तुमच्या कानाला ते लगेच कळेल. दोन्ही शक्यता मनात ठेवून ऐका आणि कौल तुम्हीच द्या.

असे नव्याने गाणे काय देऊ शकते, याचे मला माहीत असलेले सर्वांत चांगले उदाहरण कॅनडाच्या गायिका जोनी मिचेल यांचे आहे. 'बोथ साइड्स नाऊ' हे आपलेच गाणे त्यांच्या आवाजात पहिल्यांदा १९६९ सालच्या अल्बमवर आले तेव्हा त्या २५ वर्षांच्या होत्या आणि आवाज उंच, स्वच्छ होता. आयुष्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या आणि तरीही ते नीट उमगले नाही, असे सांगणारे ते गाणे आहे. २००० साली, वयाच्या ५६व्या वर्षी, त्यांनी ते ऑर्केस्ट्रासह पुन्हा गायले. पट्टी खूप खाली होती, आवाजाला घोगरेपणा आला होता, लय संथ झाली होती. मला दुसरे ध्वनिमुद्रण अधिक पटते, कारण त्या शब्दांचे वय आणि त्या गळ्याचे वय तिथे जुळते. २०१५ साली त्यांना मेंदूतल्या रक्तवाहिनीचा गंभीर आजार झाला, चालणेसुद्धा पुन्हा शिकावे लागले, आणि तरीही २०२२ साली अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या संगीत महोत्सवात वयाच्या ७८व्या वर्षी त्यांनी तेच गाणे श्रोत्यांसमोर बसून गायले. या तिन्हींमुळे एकमेकांची किंमत कमी होत नाही. २५व्या वर्षीचे गाणे हवे त्या दिवशी ते लावता येते.

एवढे सगळे करूनही अल्बम आवडला नाही, तर तो त्या मधल्या अल्बमशेजारी ठेवून द्या. आयुष्यभराची चाहती असणे म्हणजे तिने केलेले सगळे आवडणे नव्हे. मी तर असे म्हणेन की जिला नावडते ओळखता येते, तिच्याच आवडीला काही अर्थ आहे.

तुम्ही तिला फसवल्याचे लिहिले आहे, त्यावरही थोडे बोलायला हवे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ साली रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरच्या व्यक्तींशी प्रेक्षकांचे जे एकतर्फी नाते जुळते, त्याविषयी पहिल्यांदा सविस्तर लिहिले. अशा नात्यात आपण त्या व्यक्तीला आतून-बाहेरून ओळखतो असे वाटते आणि ती आपल्याला ओळखत नसते. यात काही आजार नाही, लाज वाटण्यासारखेही काही नाही. तुमच्या कठीण दिवसांत त्या आवाजाने जो आधार दिला असेल तो खराच आहे. पण या नात्यात तिने तुमच्याकडून कोणतेही वचन घेतलेले नाही, त्यामुळे ते मोडल्याचा दोषही तुमच्याकडे येत नाही. स्वतःला फसवल्याची बोच मात्र रास्त आहे, आणि ती घालवणे तुमच्या हातात आहे. गटात जाऊन चुकीची कबुली वगैरे देण्याची गरज नाही. पियानोच्या गाण्याविषयी चार ओळी लिहा, नेमके काय आवडले ते सांगा, आणि उरलेल्या गाण्यांची अजून सवय होत नाही हेही तितक्याच सरळपणे लिहा. सगळे एकाच सुरात वाहवा करत असतात तेव्हा त्यातले अनेक जण तुमच्यासारखेच गप्प बसलेले असतात. कुणी पहिले खरे वाक्य लिहिले की त्यांनाही बोलता येते. एखाद-दोघे रागावतील, त्यांना रागावू द्या.

घरच्यांविषयी फार लिहीत नाही. यजमानांनी वेड म्हटले, तर त्यांना एवढेच सांगा की २०११ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी आपापले आवडते संगीत ऐकणाऱ्या माणसांच्या मेंदूची तपासणी केली, तेव्हा ज्या जागी अंगावर काटा येतो त्या जागी, आणि ती जागा येणार या नुसत्या अपेक्षेनेही, मेंदूत डोपामिन हे आनंदाशी जोडलेले रसायन स्रवताना दिसले. हा आनंद शरीरात घडतो, आणि शोभण्या-न शोभण्याशी त्याचा संबंध नाही. मुलीचे म्हणणे अर्धे बरोबर आहे: तो आवाज आता नाही. पण तिला आवाज संपल्याचे वाटत असेल तर ब्रिटिश गायिका केट बुश यांच्या १९८५ सालच्या 'रनिंग अप दॅट हिल' या गाण्याची हकिकत सांगा. एका मालिकेतून ते तिच्या वयाच्या आणि तिच्याहून लहान मुलांच्या कानांवर पडले आणि ३७ वर्षांनी, २०२२ साली, ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. गाणे कुणाच्या आयुष्यात कधी शिरेल, हे गायिकेच्या आजच्या वयावर ठरत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. माझे उत्तर आहे, जा. खर्चाची आणि प्रवासाची घडी घरात ओढाताण न होता बसत असेल तर नक्की जा. बसत नसेल तर न जाण्यात तुमच्या प्रेमाला काहीही उणेपणा येत नाही.

जुना आवाज पुसला जाण्याची भीती मला समजते, पण एक लक्षात घ्या: तुम्ही ज्या आवाजावर प्रेम केलेत तो प्रत्यक्ष कधी ऐकलेलाच नाही. पॉप गाण्यातला आवाज हा स्टुडिओत घडवलेला असतो. अनेकदा गाऊन त्यातले चांगले तुकडे जोडतात, धृपद भरदार वाटावे म्हणून तोच आवाज पुन्हा गाऊन वर चढवतात. १९६६ साली लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत केन टाउनसेंड या तंत्रज्ञाने बीटल्ससाठी, पुन्हा न गाताच आवाज असा दुहेरी करण्याची यांत्रिक युक्ती काढली होती. तुमची गायिका तिशीत तुमच्यासमोर उभी राहून गायली असती, तरी ते कॅसेटवरच्यासारखे ऐकू आले नसते. कार्यक्रमात तुम्ही जे ऐकाल ते तुमच्या साठ्यात नवीन जमा होईल. आधीच्या कशाची जागा ते घेणार नाही.

जुना आवाज पुसला जाण्याचा खरा धोका आहे तो रेडिओवरून टेप केलेल्या कॅसेटना. फितीवरचा चुंबकीय थर काळाबरोबर खराब होतो, दमटपणात तर लवकर, आणि बाजारात मिळणारी गाणी पुन्हा मिळतील, पण निवेदकाच्या बोलण्यासह चौदाव्या वर्षी तुम्ही टिपलेले ते ध्वनिमुद्रण दुसऱ्या कुणाकडे नाही. ते चांगल्या अवस्थेतल्या टेपरेकॉर्डरवरून एकदा संगणकात उतरवून घ्या, दोन प्रती ठेवा, आणि मूळ कॅसेट कोरड्या जागी उभ्या ठेवा. ही गोष्ट कार्यक्रमाच्या तारखेची वाट न पाहता करावी असे मला मनापासून वाटते.

जाण्याआधी तिच्या सध्याच्या दौऱ्यातले एखादे प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण एकदा ऐका, म्हणजे पहिला धक्का घरीच बसेल. आवडती गाणी ती गाईलच असे धरून जाऊ नका. केट बुश यांनी १९७९ सालच्या दौऱ्यानंतर थेट २०१४ साली लंडनमध्ये २२ कार्यक्रम केले, तेव्हा पहिल्या चार अल्बममधले एकही गाणे त्यांनी गायले नाही. श्रोत्यांनी चित्रण करू नये, अशी विनंतीही त्यांनी केली होती. ती विनंती तुमच्या गायिकेने केली नसली तरी तुम्ही पाळा, कारण फोनच्या चौकटीत पाहायला तुमच्याकडे तिची गाणी पुष्कळ आहेत. संगीतासाठी मिळणारे चांगले इअरप्लग सोबत ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे, आणि ती पाळली गेली तरी ५४ वर्षांच्या कानाला दोन-अडीच तास तो आवाज जास्तच होतो.

तिकीट काढल्यावर घरी तसे सांगा, परवानगी मागण्याच्या सुरात नव्हे. यजमानांना सोबत येण्याचा आग्रह करू नका. शेजारी कंटाळलेला माणूस बसला की आपलेही लक्ष त्याच्याकडेच राहते. मुलीला मात्र एकदा विचारून पाहा. ती नाही म्हणाली, तर गटातल्या एखाद्या मैत्रिणीसोबत जा, आणि तीही नसेल तर एकट्या जा.